लेखन, प्रकाशन आणि उद्योगवार्तांकनावरील पॉडकास्ट: कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी

लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन किंवा वार्तांकन करून चरितार्थ चालवणाऱ्या माणसाला जे ऐकायचे असते, ते बहुतेक मुलाखतींमध्ये येतच नाही. पाहुण्याचा संघर्ष येतो, त्याचे वाचनप्रेम येते, त्याचे पहिले पुस्तक येते. परंतु पानामागे दर काय मिळाला, करार किती वर्षांचा होता आणि पैसे किती दिवसांनी खात्यावर जमा झाले, हे प्रश्न संकोचापोटी राहून जातात. या विषयावर पॉडकास्ट सुरू करणाऱ्याने हा संकोच पहिल्या भागापासूनच बाजूला ठेवावा. पाहुण्याला मात्र आठवडाभर आधी सांगावे की प्रश्न पैशांविषयी असतील, म्हणजे तो आपले करार आणि पावत्या चाळून येईल आणि आठवणीतले अंदाज सांगत बसणार नाही.

विषय निवडताना प्रश्न नेमका असावा. ‘कोल्हापूरचा फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतण्याचा) उद्योग’ हा एका भागाचा विषय होऊ शकत नाही. पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि स्क्रॅपचा (भंगाराचा) भाव वाढल्यावर कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील कारखानदाराला कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, दर वाढवून मिळेपर्यंत मधला तोटा कोण सोसतो, हा होऊ शकतो. हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग, कोल्हापूरचा गुळाचा बाजार यांतही असेच प्रश्न दडलेले आहेत, आणि ते शोधायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही.

पाहुण्याला भेटण्याआधी कागद वाचावेत, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. उसाच्या दरावर भाग करायचा असेल, तर २०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये आहे, ती १०.२५ टक्के मूळ उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) आहे आणि उतारा त्याहून जास्त असेल तर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात, हे निवेदकाला तोंडपाठ हवे. शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन येते, तसेच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. एवढे माहीत असेल तर ‘यंदा दर चांगला मिळाला का?’ असा पोकळ प्रश्न तोंडातून निघत नाही. त्याऐवजी ‘तुमचे बिल कोणत्या तारखेला जमा झाले आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचे किती कापले?’ असे विचारता येते, आणि अशा प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणे कोणालाही कठीण जाते. कंपन्यांची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. सरकारी कार्यालयातील माहितीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा; मात्र उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने हा अर्ज भागाची तारीख ठरवण्याआधीच गेलेला असावा.

प्रकाशन आणि मुक्त लेखन यांवरील भागांतही हीच शिस्त पाळावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कराराच्या प्रतीवर सही करून विसरून गेलेल्या कितीतरी लेखकांना ही एक गोष्ट समजणे मोलाचे आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवता येत नाहीत, ही २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातील तरतूदही अशीच आहे. अशा तरतुदी सांगताना एखाद्या वकिलाकडून मजकूर तपासून घ्यावा, कारण चुकीचा सल्ला ऐकून कोणी बोलणी मोडली तर त्याचे नुकसान खरे असते.

कानाला आकडे वाचकाच्या डोळ्यांइतके पेलत नाहीत. एका वाक्यात एकच आकडा ठेवावा आणि शक्य तिथे तो ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या मापात सांगावा: क्विंटलला ३५५ म्हणण्याबरोबरच टनाला ३,५५० म्हणावे, कारण आपल्याकडचा शेतकरी टनाच्या हिशेबाने बोलतो.

ध्वनिमुद्रणाला महागडा स्टुडिओ लागत नाही. पडदे, गाद्या आणि पुस्तकांचे कपाट असलेली छोटी खोली पुरते. डायनॅमिक प्रकारचा (आजूबाजूचा आवाज कमी टिपणारा) मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा आणि फाइल डब्ल्यूएव्ही (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात जपावी. कारखान्यात गेल्यास मुलाखत बंद केबिनमध्ये घ्यावी, भट्टीचा आणि साच्यांचा आवाज वेगळा मुद्रित करून नंतर थोडा जोडावा. पाहुणा दूर असेल तर दोघांनीही आपापल्या यंत्रावर स्वतःचा आवाज मुद्रित करावा, म्हणजे इंटरनेट अडखळले तरी मजकूर शाबूत राहतो. संपादनासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

कोल्हापुरात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे दोन बाबतींत कडक राहावे लागते. कोणते विधान नावासह जाईल आणि कोणते नाही, हे ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. बोलून झाल्यावर केलेल्या विनवण्यांवर ते सोडू नये. तसेच ज्या कारखान्याची, प्रकाशनसंस्थेची किंवा बँकेची जाहिरात घेतली असेल तिच्याविषयीच्या भागात ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि तिला प्रश्न आधी दाखवू नयेत.

प्रसारणासाठी एखाद्या होस्टिंग सेवेवर (भाग इंटरनेटवर साठवून ठेवणाऱ्या सेवेवर) भाग चढवून तिची आरएसएस फीड (नव्या भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) वेगवेगळ्या ॲपना एकदाच जोडावी लागते. पुढचे भाग आपोआप पोहोचतात. प्रत्येक भागाच्या वर्णनात वापरलेल्या कागदांची नावे आणि तारखा द्याव्यात. आकडा चुकल्याचे लक्षात आल्यास पुढच्या भागाच्या सुरुवातीला आणि जुन्या भागाच्या वर्णनात दुरुस्ती नोंदवावी, आणि मूळ ध्वनिमुद्रण, पाहुण्याची संमती व संदर्भाचे कागद एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवावेत.