पाऊस ओसरल्यावर पाम आणि परदेशी झाडे: गोव्यातील बागायतदारांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा सल्ला

गोव्यात पाम आणि बाहेरून आणलेली झाडे थंडीने सहसा मरत नाहीत. किनारपट्टीवर जानेवारीतले किमान तापमान साधारण १९-२० अंश असते. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या खोऱ्यांत ते आणखी काही अंश उतरते, पण पामला धोका व्हावा इतके नाही. झाडे जातात ती मुळाशी पाणी तुंबून किंवा कोरड्या वाऱ्याने. अडचण अशी, की दोन्हींत वरून दिसणारे लक्षण जवळपास सारखेच असते: पान पिवळे पडते, कडा करपते. वारा लागलेल्या झाडाला पाणी वाढवले की मूळ कुजते आणि कुजलेल्या मुळाच्या झाडाला सावली केली की ते आणखी ओले राहते. म्हणून पानाकडे पाहण्याआधी मागच्या पंधरा दिवसांतले हवामान पाहावे.

जुन्या गोव्यातील एला येथून दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका आणि ‘मेघदूत’ अ‍ॅप यांवर जिल्हावार अंदाज मिळतो. तो उपयोगी आहे, पण उत्तर गोवा म्हणजे किनाऱ्यावरचे कळंगुटही आणि घाटाजवळचे केरी-सत्तरीही. दोन्हीकडचा पाऊस, दव आणि दुपारची आर्द्रता वेगळी. तेव्हा बागेत एक पर्जन्यमापक आणि एक किमान-कमाल तापमापक हवाच. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, सावलीत, भिंत आणि पत्र्यापासून दूर टांगा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा कोणताही डबा उघड्यावर ठेवून पट्टीने मोजले तरी चालते. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. एक मीटर त्रिज्येच्या आळ्यात १० मिमी पावसाने सुमारे ३१ लिटर पाणी पडते. ऑक्टोबरमध्ये घाटाकडून संध्याकाळी गडगडाटासह सरी येतात. वाडीत २५ मिमी पडून गेला तर ठिबक तीन-चार दिवस बंद ठेवायला हरकत नाही. शेजारच्या गावात पडला म्हणून मात्र बंद करू नये.

आधी कोंब तपासा

पाऊस थांबल्यावर पहिले काम खत घालणे नव्हे. प्रत्येक पामचे मधले न उघडलेले पान, म्हणजे सुई, बोटांत धरून हलकेच वर ओढून पाहा. हलले नाही तर ठीक. हातात आले आणि बुडाला घाण वास असला तर तो कोंब कुजण्याचा रोग, फायटोफ्थोरा बुरशीचा. जून ते सप्टेंबरच्या सततच्या ओलीत तो शिरतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात लक्षात येतो. फॉक्सटेल, रॉयल, बॉटल, बिस्मार्क या एकखोडी पामना वाढीचा डोळा एकच असतो. तो गेला की झाड गेले. अरेका पाम, रॅफिस, लिपस्टिक पाम बेटाने वाढतात, तिथे एक खोड काढून बाकीचे वाचवता येते.

कुजलेला भाग धारदार कोयत्याने किंवा सुरीने निरोगी पांढरा गाभा लागेपर्यंत कापून काढा आणि जाळा. जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण, लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळे विरघळवून प्लास्टिकच्या तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकदम ओतत ढवळावे. धातूचे भांडे चालत नाही. लोखंडी सुरीचे पाते मिश्रणात बुडवून पाहा: पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवा. पेस्ट लावल्यावर वरून प्लास्टिक असे बांधा की सरीचे पाणी आत जाणार नाही, पण हवा खेळेल. आजूबाजूच्या निरोगी झाडांवर १ टक्का बोर्डो, म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, सुईच्या बुडाशी फवारावे. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे, शिळे निरुपयोगी.

पामच्या खाली ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली शोभेची झाडे) किंवा डेंड्रोबियम ऑर्किड असतील तर फवारणीआधी ती हलवा. मोरचुदातले तांबे ब्रोमेलियाडला विषासारखे लागते; वरून ठिबकलेले थेंब पानांच्या पेल्यात साचून आठवड्यात मधला गाभा सुटतो, आणि मग दोष पाण्याला दिला जातो.

पिवळी पाने: कापायची घाई नको

वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस जांभ्याच्या आम्ल मातीतून पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम आणि बोरॉन धुऊन नेतो. ऑक्टोबरमधला पिवळेपणा बहुतेक वेळा यांचाच असतो. ओळखायचे कसे? सर्वांत जुन्या पानांवर उजेडात पारदर्शक वाटणारे पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोकाकडून करपणे ही पालाशची कमतरता. जुन्याच पानाची कडा रुंद पिवळी, मधला पट्टा हिरवागार असेल तर मॅग्नेशियम. नवे पान आखूड, चुरगळलेले, टोकाशी आकड्यासारखे वळलेले असेल तर बोरॉन. नवे पान फिकट आणि विस्कटलेले येत असेल तर मँगेनीज, आणि त्यामागे पुष्कळदा रोप फार खोल लावलेले असते.

जुने पिवळे पान दिसायला वाईट म्हणून माळी लगेच छाटतो. पालाशच्या कमतरतेत झाड जुन्या पानांतला पालाश काढून नव्याला देत असते. ते पान तोडले की ओढ त्याच्या वरच्या पानावर येते आणि माथा वर्षागणिक बारीक होत जातो. पूर्ण वाळल्याशिवाय पान तोडू नका. दिवाळीच्या सजावटीसाठीही नको.

मध्यम आकाराच्या शोभेच्या पामसाठी पोफळीची मात्रा हा चांगला आधार आहे: झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश. म्हणजे साधारण २२० ग्रॅम युरिया, २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट आणि २३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. यातला एक तृतीयांश भाग मे-जूनमध्ये आणि दोन तृतीयांश आता द्यावा. मॅग्नेशियम सल्फेट मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम देतात. शोभेच्या पामला १०० ते १५० ग्रॅमपासून सुरुवात करावी. बोरॅक्स मोठ्या माडालाही ५० ग्रॅमच, तेव्हा लहान पामला १० ग्रॅमपेक्षा जास्त नको. बोरॉन कमी पडले तर पान वळते, जास्त झाले तर पान जळते, आणि मधले अंतर थोडे आहे. खत खोडाला टेकून न टाकता अर्धा ते एक मीटर अंतरावर गोल रांगेत, ओल्या मातीत मिसळा. पुढील दोन दिवस वादळी पावसाचा इशारा असेल तर थांबा. डोलोमाइट किंवा चुना द्यायचा असेल तर युरियाच्या दोन-तीन आठवडे आधी; दोन्ही एकत्र पडले तर नत्र वायू होऊन उडून जातो.

नवी लागवड

फुकट पाणी मिळते म्हणून लोक जूनमध्ये पाम लावतात. कातळात खणलेला खड्डा जूनमध्ये टाकीसारखा भरतो आणि नवे मूळ फुटण्याआधीच जुने कुजते. सखल जागेत आणि जांभ्यात लावण्याची खरी वेळ सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, सिंचनाची सोय असेल तरच. खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल, कडक कातळात चार फूट. खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभे असेल तर तळ फोडा किंवा दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. माडाच्या खड्ड्यात जांभा मऊ करायला मीठ टाकायची जुनी रीत आहे. माडाला ते सोसते. लिपस्टिक पाम, लायकुआला (पंख्यासारख्या पानांचा पाम) किंवा रंबुतानसाठी हा उपाय वापरू नका.

भरताना वरची माती, १० किलो पूर्ण कुजलेले खत, १ किलो निंबोळी पेंड आणि चिकट माती असेल तर वाळू. कच्चे शेण घालू नये, त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. मुळाच्या गड्ड्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत ठेवा, चार बोटेही खाली नको.

आंध्रातील कडियमसारख्या ठिकाणांहून ट्रकने येणाऱ्या मोठ्या झाडांचा वेगळा त्रास असतो. गड्डा चिकणमातीचा, भोवती आपली भरड माती. आळ्यात ओतलेले पाणी भरडीतून खाली जाते आणि गड्डा कोरडा राहतो. म्हणून पहिले दोन महिने पाणी गड्ड्यावरच, सावकाश सोडा, आणि आठवड्यातून एकदा लोखंडी सळई गड्ड्यात खुपसून आत ओल आहे का पाहा. आधाराच्या फळ्या खोडाला खिळ्याने ठोकू नका. पामची जखम भरून येत नाही, आणि त्या भोकातून सोंड्या भुंगा आत जातो. खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर फळ्या बांधा व पुढचा पावसाळा संपेपर्यंत आधार ठेवा. बिस्मार्क पामचे मूळ दुखावले तर तो बहुतेक वेळा जातोच, त्यामुळे तो मोठा विकत घेण्यापेक्षा कुंडीतले लहान रोप घ्यावे.

नवी रोपे तीन-चार आठवडे बागेपासून दूर ठेवा. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी गोल-गोल वळणे, खालच्या पानांवर काळी बुरशी दिसली तर ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. भारतात ती २०१६ मध्ये प्रथम नोंदली गेली आणि कोरड्या महिन्यांत वाढते. पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, पिवळे चिकट सापळे, आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या द्रावणासह. रासायनिक कीटकनाशक मारू नका: एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी या माशीला आटोक्यात ठेवते आणि फवाऱ्यात तीच आधी मरते. पानांवर इंग्रजी व्ही आकाराचे काप दिसले तर गेंड्या भुंगा. पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढेल तेव्हा शेजारच्या रॉयल आणि लिविस्टोना पामचे माथेही तपासून घ्या. मोठ्या झाडात वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून घालावी. लहान झाडात ३-४ डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकावी.

चक्रीवादळाचे दिवस

अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही वादळे होतात. २००९ चे फयान नोव्हेंबरचे आणि २०१९ चे क्यार ऑक्टोबरचे. इशारा आला की नव्या रोपांचे आधार घट्ट करा आणि कुंड्या आडव्या करून ठेवा. हिरवी पाने छाटून माथा बोडका करू नका. पान नसलेली सुई वाऱ्यात जास्त मोडते.

जानेवारी-फेब्रुवारी: पूर्वेचा वारा

अंदाजात कमाल तापमान सगळे पाहतात. या दोन महिन्यांत त्याहून महत्त्वाची आहेत वाऱ्याची दिशा आणि दुपारची आर्द्रता. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा टिकून राहिला आणि समुद्राचा वारा उशिरा आला, की दुपार तापते आणि हवा एकदम कोरडी होते. लिपस्टिक पाम, लायकुआला, अँथुरियम, हेलिकोनिया, मँगोस्टीन आणि रंबुतानची कोवळी पाने अशा दोन-तीन दिवसांतच कडेने करपतात. माती ओली असताना कडा करपत असेल तर पाणी वाढवू नका. पूर्व आणि ईशान्य बाजूला आडोसा करा. लायकुआलाला ५० टक्के, अँथुरियमला ७५ टक्के शेडनेट. यांना खरी जागा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आहे: पोफळी-माडांची सावली, पाटाचे पाणी, चहूबाजूंनी झाडी. लिपस्टिक पाम मूळचा दलदलीतला, तो पाटाच्या काठावर लावला तर वेगळे लाड लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या उघड्या भाटात (माडांच्या बागेत) तो लावणे म्हणजे पैसे घालवणे. तिथे बॉटल, बिस्मार्क, फॉक्सटेल लावा.

पाणी पहाटे, वारा सुटण्याआधी. पोफळीला आळ्यातून देताना १७५ लिटर पाणी नोव्हेंबर-डिसेंबरात ७-८ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत ६ दिवसांनी, पुढे ३ ते ५ दिवसांनी देतात. मोठ्या पामसाठी हेच अंतर धरावे, वाळूच्या जमिनीत मात्रा निम्मी करून दुप्पट वेळा. आळ्यात नारळाची सोडणे पालथी पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडून. अ‍ॅडेनियमला (डेझर्ट रोझ) यातले काही नको. त्याला ऊन द्या आणि कुंडी पूर्ण वाळल्यावरच पाणी.

बार्देश, सालसेतच्या खाडीकाठच्या विहिरी फेब्रुवारीपासून मचूळ होऊ लागतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. दर पंधरवड्याला मोजा. ५०० पीपीएमच्या वर गेले की अँथुरियम आणि ऑर्किडला ते पाणी बंद करून टाकीतले साठवलेले किंवा नळाचे द्या. १००० च्या वर गेले की लिपस्टिक आणि लायकुआलालाही. नळाचे पाणी वापरताना एक रात्र उघड्या पिंपात ठेवून मग घाला.