घटस्फोटात पोटगी कशी मागायची: अर्जापासून वसुलीपर्यंत

पोटगी म्हटलं की बऱ्याच जणींना वाटतं की आधी घटस्फोट होणार आणि मग पैसे मिळणार, तोपर्यंत माहेरी कसंबसं भागवायचं. असं अजिबात नाहीये. केस चालू असतानाच अंतरिम पोटगी मिळते, आणि सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला नागपूरच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. म्हणजे तुम्ही वेगळ्या राहायला लागलात दोन वर्षांपूर्वी आणि अर्ज टाकला आज, तर हिशोब साधारण आजपासून सुरू होणार, मधली दोन वर्षं गेलीच. म्हणून "बघू, मिटेल" म्हणत थांबू नका. अर्ज टाकला म्हणजे नातं तुटलं असं होत नाही, समेट झाला तर अर्ज मागे घेता येतो.

आधी ठरवा, कुठल्या कायद्याखाली

हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये दोन कलमं आहेत, 24 म्हणजे केस चालू असतानाची पोटगी अधिक केसचा खर्च, आणि 25 म्हणजे निकालानंतरची कायमची पोटगी. ही दोन्ही नवरा-बायको कोणीही मागू शकतं. औरंगाबाद खंडपीठाने 2022 मध्ये नांदेडच्या एका शिक्षिकेने नवऱ्याला महिना 3,000 रुपये अंतरिम पोटगी द्यायचा आदेश कायम ठेवला होता. रजिस्टर्ड लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर तिथे कलम 36 आणि 37 आहेत, पण ते फक्त बायकोसाठी.

घटस्फोटाची केस टाकायचीच नसेल तरी मार्ग आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) पोटगीचं जुनं 125 कलम सगळ्यांना माहीत असतं, ते 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी संहितेत (बीएनएसएस) कलम 144 झालंय. हे कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे, घटस्फोटित मुस्लिम महिलाही यात पोटगी मागू शकते हे सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. मारहाण, छळ, घराबाहेर काढणं असे प्रकार असतील तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात पैशांबरोबर राहायच्या जागेचाही आदेश मागता येतो. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, पण आधीच्या अर्जाची आणि आदेशाची माहिती दुसऱ्या कोर्टाला द्यावीच लागते, आणि मग रक्कम ॲडजस्ट होते, दोन्हीकडून पूर्ण मिळत नाही.

तुम्ही सासर सोडून माहेरी आला असाल तर तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, नवऱ्याच्या गावी खेपा घालायची गरज नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर

प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं. 15100 या हेल्पलाइनवर फोन करून पण माहिती मिळते.

कागद गोळा करा, खरं काम इथेच आहे

2020 च्या त्याच निकालाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्चाचं अॅफिडेव्हिट देणं सक्तीचं केलंय. समोरच्याने चार आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. रक्कम बऱ्याच अंशी या अॅफिडेव्हिटवर ठरते, त्यामुळे ते वकिलाच्या टायपिस्टवर सोडू नका, स्वतः बसून भरा.

त्यात महिन्याचा खर्च लिहायचा असतो आणि इथे बहुतेक जणी "घरखर्च 15,000" असं एका ओळीत लिहून मोकळ्या होतात. तसं नका करू. घरभाडं, किराणा, दूध, गॅस सिलेंडर, लाइट बिल, मुलाची शाळेची फी, स्कूल व्हॅन, क्लास, औषधं, मोबाइल रिचार्ज, प्रवास असं एकेक वेगळं लिहा आणि ज्याची पावती आहे ती जोडा. फी वर्षाला दोनदा भरत असाल तर दोन्ही वेळची मिळून होणारी रक्कम बाराने भागून महिन्याचा आकडा काढा. माहेरी राहत असाल आणि भाडं देत नसाल तर खोटं भाडं लिहू नका, वेगळी खोली घ्यायची झाली तर त्या भागात किती पडेल ते तसं सांगून लिहा.

नवऱ्याच्या कमाईचं काय काय हाताशी आहे ते बघा. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, बँक स्टेटमेंटचे जुने फोटो, गाडीचे कागद, दुकानाचं लायसन्स. शेती असेल तर सातबारा महाभूलेखवर ऑनलाइन बघता येतो. नवरा म्हणतो हातात फक्त 20,000 येतात, तर बघा कापलं काय जातंय, कारण टॅक्स आणि सक्तीचा पीएफ कोर्ट सहसा वजा धरतं, पण मुद्दाम वाढवलेला पीएफ किंवा स्वतःसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सहसा धरत नाही.

तुमची स्वतःची नोकरी असेल तर ती लपवू नका, प्लीज. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळू शकते, कोर्ट बघतं की त्या पगारात सासरी होतं तसं राहणीमान राहतंय का. पण नोकरी लपवली आणि समोरच्याने पगाराची नोंद आणून दाखवली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

किती मिळेल

ठरलेला फॉर्म्युला नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये एका केसमध्ये नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य म्हटली होती, तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो नियम नाही. लग्न किती वर्षांचं, मुलं कोणाकडे, दोघांचं शिक्षण, नवऱ्यावर म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी, हे सगळं बघतात. मुलांची पोटगी वेगळी मागा आणि स्त्रीधन तर तुमचंच आहे, ते पोटगीत धरू देऊ नका.

सहमतीने घटस्फोट घेत असाल तर जास्त सांभाळा

इथे कन्सेंट टर्म्स नावाचा कागद बनतो आणि सही करायची घाई सगळ्यांनाच असते, कधी एकदा सुटतो असं झालेलं असतं. पण त्यात हमखास एक ओळ असते की यापुढे पत्नी पोटगी मागणार नाही. एकरकमी रक्कम घेताना विचार करा की हे पैसे किती वर्षं पुरणार, घरभाडं आणि फी दरवर्षी वाढते. पैसे कधी, कशाने, किती टप्प्यांत देणार हे तारखांसकट लिहून घ्या आणि मोठा टप्पा शेवटच्या तारखेला कोर्टासमोर डीडीने घ्या. बाकीच्या केसेस मागे घ्यायच्या त्या पूर्ण पैसे मिळाल्यावरच. टॅक्सचंही बघा: मुंबई हायकोर्टाच्या एका जुन्या निकालानुसार एकरकमी पोटगीवर इन्कम टॅक्स लागत नाही, दर महिन्याची मात्र उत्पन्नात धरली जाते.

आदेश झाला पण पैसे येत नाहीत

हे फार होतं. कलम 144 चा आदेश असेल तर वसुलीचा अर्ज टाका, नवरा पगारदार असेल तर पगारातून कापून घ्यायची मागणी करा. वरच्या नांदेडच्या केसमध्ये थकलेल्या रकमेसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनाच पगारातून कापायला सांगितलं होतं. कोर्ट वॉरंट काढून थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगातही पाठवू शकतं, आणि आत जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत टाकावा लागतो, म्हणून दोन-तीन महिने थकले की लगेच टाका आणि कुठला महिना आला, कुठला नाही याची तारखेनिशी वही ठेवा. पैसे बँकेतच घ्या, रोख घेतले की पुढे कोणी किती दिले हे सिद्ध करत बसावं लागतं.