मोठ्या लिफ्टचा कॅम टाकताय? हेड कसण्याआधी हे चार गॅप मोजा

टॅपेट सेट केलं म्हणजे काम झालं, या समजुतीवर जुन्या बुलेटमध्ये मोठ्या लिफ्टचे (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे) कॅम बसवले जातात आणि मग व्हॉल्व्ह वाकतात. टॅपेटचा गॅप म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला ढिलेपणा, एवढंच. इथे प्रश्न निराळा आहे. व्हॉल्व्ह आता जास्त खाली उतरणार, तर त्याच्याखाली जागा आहे का? आणि वर स्प्रिंगला तेवढं दबायला जागा आहे का? एकूण चार ठिकाणी मोजावं लागतं: व्हॉल्व्ह ते पिस्टन, व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्ह, स्प्रिंगचे वेढे, आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) ते गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी).

खालची पद्धत लोखंडी बॅरलच्या पुशरॉड बुलेटला (३५० सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक) धरून आहे. २००९ नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमधल्या) इंजिनात हायड्रॉलिक (आत तेल भरलेले) टॅपेट असतात. ते मोजताना दबून जातात आणि लिफ्ट कमी दिसते, म्हणून तपासणीपुरते तरी ते न दबणारे करून घ्यावे लागतात.

सामान: डायल गेज आणि स्टँड, व्हर्नियर, डिग्री प्लेट (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती), दोन मऊ स्प्रिंगा, मुलांच्या खेळण्यातली क्ले, ब्लेड, आणि १.५ मिमीचं ड्रिल बिट. सुताच्या हिशोबाने हे काम होत नाही. एक सूत म्हणजे ३ मिमीच्या वर, आणि इथे सगळा खेळ दीड-दोन मिमीचा आहे.

सुरुवात टेबलावर, हेड बाजूला ठेवून करा. कॅमच्या डब्यावरचा लिफ्टचा आकडा बहुधा लोबचा (कॅमवरच्या उंचवट्याचा) असतो. व्हॉल्व्हची लिफ्ट म्हणजे लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचं (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांड्याचं) प्रमाण, म्हणून डब्यावर विसंबू नका. कॅम केसमध्ये बसवून टॅपेटवर डायल लावा आणि स्वतः मोजा. मग स्प्रिंग. रिटेनर आणि लॉक लावून स्प्रिंगची बसवलेली उंची मोजा. तीच स्प्रिंग व्हाइसमध्ये दोन सपाट पट्ट्यांमध्ये धरून वेढ्याला वेढा लागेपर्यंत दाबा आणि ती उंची घ्या. समजा बसवलेली ३८ आणि दाबलेली २७ मिमी आली, तर जागा झाली ११ मिमी. व्हॉल्व्हची लिफ्ट ९ मिमी असेल तर २ उरतात, चालेल. १० असेल तर १ उरतो, चालणार नाही. कमीत कमी १.५ मिमी उरलाच पाहिजे. डबल स्प्रिंग असेल तर आतली वेगळी मोजा. पुष्कळदा तीच आधी बंद होते.

स्प्रिंग कडक व्हावी म्हणून खाली वायसर टाकायची सवय असते, तिचा हिशोब इथे चुकता होतो. १ मिमीचा वायसर टाकला की वरच्या उरलेल्या जागेतला १ मिमी गेला. उलट सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती हेडमधली कड) खोल कापली असेल तर व्हॉल्व्हचा दांडा वर येतो, स्प्रिंग सैल बसते, आणि तिथे वायसर टाकणं रास्त आहे. म्हणजे आधी मोजायचं, मग टाकायचं.

रिटेनरचा खालचा काठ आणि गाईडचं (सील असेल तर सीलचं) डोकं यांच्यातलं अंतर घ्या. त्यातून लिफ्ट वजा केल्यावर इथेही दीड मिमी उरला पाहिजे. कमी पडलं तर गाईडचं डोकं लेथवर उतरवून मिळतं.

आता पिस्टन. सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे: व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा धोका असतो, असं वाटतं. तसं नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असतो. टक्कर होते ती एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना, पिस्टन टॉपच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आसपास आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो टॉपच्या साधारण १० डिग्री आधी, आणि इनटेक साधारण १० डिग्री नंतर. म्हणूनच कॅम एक दात पुढेमागे बसला तर लिफ्ट तेवढीच राहते, पण गॅप पार बदलतो. इनटेक आधी उघडू लागला की त्याचा गॅप घटतो. एक्झॉस्ट उशिरा बंद होऊ लागला की त्याचा.

क्लेची पद्धत: पिस्टनवर दोन्ही व्हॉल्व्हच्या जागी ५-६ मिमी जाड क्लेची पट्टी दाबा, वरून आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला तेल चोळा. हेड पॅकिंग टाका. ते दबणाऱ्या प्रकारचं असेल तर वापरलेलं घ्या. नवं न दबलेलं टाकलं तर गॅप खोटा वाढतो. हेड शेवटी जेवढ्या टॉर्कला कसणार, तेवढंच आत्ता कसा. पुशरॉड शून्य ढिलाईवर ठेवा. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवत क्रँकचे पूर्ण दोन फेरे घ्या. कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून हेड उतरवा. हेड काढल्यावर क्ले तेल लावलेल्या ब्लेडने आडवी कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो आणि पिस्टन मागून चाल करून येत असतो, म्हणून त्याला अर्धा मिमी जादा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा क्ले लोण्यासारखी होते आणि हेड उचलताना ओढली जाते. ती रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि काम सकाळी आठच्या आत उरका. इंजिनही रात्रभर सावलीत थंड झालेलं हवं; उन्हात उभ्या गाडीला थंड इंजिन म्हणत नाहीत.

क्लेने फक्त एक आकडा मिळतो. नक्की कुठल्या डिग्रीला काय होतं ते पाहायचं तर हेड काढलेलं असतानाच बॅरलच्या स्टडवर पिस्टनला अडेल अशी पट्टी कसा, चाक आधी पुढे आणि मग मागे फिरवा आणि पिस्टन अडेल तिथे दोन्ही वेळी खूण करा. डिग्री प्लेटवरच्या दोन खुणांचा मध्य हाच खरा टॉप. मग मूळ स्प्रिंगांऐवजी मऊ स्प्रिंगा लावून हेड बसवा, डायल रिटेनरवर टेकवा आणि टॉपच्या आधी-नंतर १५ डिग्रीपर्यंत दर २ डिग्रीला थांबा. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह किती उघडलाय ते लिहा, मग बोटाने पिस्टनला लागेपर्यंत दाबा. डायल जेवढा जादा फिरला तेवढा गॅप.

लिहिलेले हेच आकडे व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्हसाठी लागतात. हेड उतरवून उलटं ठेवा, दोन्ही व्हॉल्व्ह एकाच डिग्रीला लिहिलेल्या आकड्यांएवढे खाली दाबा आणि मधून ड्रिल बिट घाला. दीडचं बिट मोकळं गेलं पाहिजे.

२ मिमी म्हणजे उगाच जास्त वाटेल, पण ते हाताने फिरवताना. धुळ्याजवळचा लळिंग घाट उतरताना तिसऱ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की आरपीएम उसळतात, स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे ओढू शकत नाही आणि तो लोब सोडून हवेत तरंगतो. तो दीड-दोन मिमी त्या क्षणासाठी ठेवलेला असतो.

गॅप कमी भरला तर आधी कॅमच्या खुणा पुन्हा जुळवून पाहा. हेड पूर्वी फेस केलेलं (घासून सपाट केलेलं) असेल तर तेवढ्याच जाडीचं जास्तीचं पॅकिंग हा सोपा उपाय, कॉम्प्रेशन थोडं उतरेल. पिस्टनमध्ये खिसा खोदायचा तर आधी क्राऊनची (पिस्टनच्या माथ्याची) जाडी मोजा. पातळ क्राऊनच्या नादी लागू नका. खिसा व्हॉल्व्हच्या काठाभोवती दीड मिमी मोकळा हवा, नुसता खोल असून भागत नाही.

शेवटी खऱ्या स्प्रिंगा लावून पुन्हा दोन फेरे फिरवा. लोबची टोकं केसला आणि पुशरॉड आपल्या बोगद्याच्या भिंतीला घासत नाहीत ना, हे मार्करची शाई लावून पाहा. शाई उडाली तिथे घासतंय. मग कॉम्प्रेशनच्या टॉपला, थंड इंजिनवर, पुशरॉड बोटांनी सहज फिरेल पण वरखाली हलणार नाही असा सेट करा आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर टॅपेटचं झाकण उघडून पुन्हा फिरवून पाहा.