जुन्या ट्रकचं इंजिन ऑइल गळतंय? सील बदलायच्या आधी हे करा

जुन्या ट्रकखाली डाग दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच, मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, मागच्या टोकाला ऑइल अडवणारी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवा. थांबा जरा. बऱ्याचदा ऑइल सुटलेलं असतं वर टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरचं पत्र्याचं झाकण), ते ब्लॉकच्या मागच्या अंगाने ओघळत खाली येतं आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) खालच्या टोकाला जाऊन थेंब धरतं, मग बघणाऱ्याला वाटतं सीलच गेलं. वर पंख्याची हवा आणि गाडीचा वेग दोन्ही ऑइलला मागेच ढकलतात, त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं धरून चालायचं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, तिथून कामाला सुरुवात.

आता ही जागा शोधायची तर इंजिन स्वच्छ पाहिजे. चिखल आणि ऑइलचा जाड थर बसलेल्या इंजिनवर काहीही कळत नाही. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, धुवा, पण त्याआधी डिस्ट्रिब्युटर, डायनामो, कार्ब्युरेटर आणि ब्रीदरचं (इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तोंड प्लास्टिकने बांधून घ्या. पूर्ण वाळलं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन चालू करून पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या आणि टॉर्च घेऊन बघा, पावडरवर ओली रेघ उठलेली दिसते. यानेही नाही कळलं तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, थोडी गाडी चालवून यूव्ही टॉर्चने बघितलं की गळतीची जागा चमकते. आणि खाली पडलेलं इंजिन ऑइलच आहे ना ते पण बघा, गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा, इंजिनचा नाही.

खाली घुसायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, भक्कम स्टँड आणि चाकांना अडण्या, ट्रकच्या बाबतीत यात गंमत नको.

आता मुख्य मुद्दा, आणि लोक नेमका हाच सोडून देतात: क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला दाब. पिस्टन रिंगमधून थोडा गॅस खाली येतोच, नव्या इंजिनातही येतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद असेल तर तो गॅस ऑइलला जिथे फट मिळेल तिथून बाहेर रेटतो, तुम्ही एक पॅकिंग बदललं की दुसरीकडून सुटतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच इंजिनांना पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस परत इंजिनात ओढून घेणारी झडप) नव्हता, फक्त एक नळी खाली लोंबायची, गाडी पळायला लागली की खालून जाणारी हवा त्या नळीतून गॅस ओढायची. म्हणजे आयडलला उभ्या गाडीत ओढ शून्यच. हल्ली हे ट्रक बहुतेक वेळ उभेच असतात, सुरू झाले तरी जागेवरच फुर्रर्र करतात, मग गळणार नाही तर काय. वर त्या नळीत आणि ऑइल भरायच्या झाकणातल्या जाळीत वर्षानुवर्षांचा चिकट गाळ. दोन्ही काढा, डिझेलमध्ये भिजत घाला, वाळवा, आरपार हवा जाते का बघा. अनेक गाड्यांची निम्मी गळती इथेच संपते, तीही एक नवा पार्ट न घेता.

दाब आहे का हे बघायला इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून उलटं नुसतं तोंडावर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, पण उडून पडायला लागलं किंवा भसाभसा धूर येत असेल आणि ब्रीदर साफ असेल तर रिंगा झिजल्यात. मग कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा चांगला वाढला तर रिंगच. अशा इंजिनात सील बदलत बसणं म्हणजे फुटक्या मडक्याला बाहेरून रंग. पेट्रोल इंजिन असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवून गॅस इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरला हवा नेणारी नळी) ओढून घेता येतो, फक्त व्हॉल्व्ह इंजिनच्या साइझचा घ्या. साध्या डिझेलला हे जमत नाही कारण तिथे हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, व्हॅक्यूमच तयार होत नाही.

अजून एक, डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी आपोआप वाढलीय आणि त्याला पेट्रोल किंवा डिझेलचा वास येतोय? मग फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलाय किंवा इंजेक्शन पंपाचं सील गेलंय, इंधन खाली उतरून ऑइल पातळ झालंय, पातळ ऑइल कुठूनही निसटतं. आणि हे गळतीपेक्षा जास्त गंभीर आहे, बेअरिंग जातील, दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका.

मग किरकोळ जागा. ऑइल प्रेशर स्विच (आतून गळून वायरच्या टोकाशी ओला होतो), फिल्टरचं जुनं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलंय आणि त्यावर नवं बसवलंय, ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर, फ्युएल पंपाखालचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचं पॅकिंग, एअर ब्रेक असेल तर कॉम्प्रेसरला जाणारी ऑइलची नळी. थोडक्या वेळात होतात, आधी हेच उरका.

टॅपेट कव्हर आणि खालच्या चेंबरला (ऑइल साठणारं तळाचं भांडं) जुन्या इंजिनात कॉर्कचं पॅकिंग असतं, आणि गळायला लागलं की माणूस काय करतो, बोल्ट अजून आवळतो. त्याने पत्रा बोल्टच्या भोवती वाकतो, दोन बोल्टच्या मधे फट वाढते, गळती वाढते, मग अजून आवळतो. कव्हर काढलं की त्याची कड सपाट आहे का स्टीलपट्टी लावून बघाच, बोल्टची भोकं वर आलेली असतात, सपाट लोखंडी ठोकळ्यावर कड ठेवून हलक्या हातोडीने बसवून घ्या. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा आणि वायर ब्रशचा ड्रिल तर लांबच ठेवा. नवं कॉर्क सुकून आखडलं असेल, भोकं जुळत नसतील तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, फुगून जुळतं, मग पुसून वापरा. कव्हरच्या बाजूला गॅस्केट शेलॅक (पॅकिंग चिकटवायचा लेप), ब्लॉकच्या बाजूला बारीक ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी पॅकिंग न फाटता निघतं. आवळायचं मधून सुरू करून बाहेर, थोडं थोडं. कॉर्कवर टॅपेट कव्हरचे पाव इंची बोल्ट साधारण ४ ते ५ न्यूटन मीटर, चेंबरचे ८ ते १० च्या आसपास, तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा.

सिलिकॉन सीलंट लावायचं तर फक्त कोपऱ्यात आणि जोडांवर, बारीक रेघ, पृष्ठभाग ऑइलमुक्त करून. ढीगभर लावलं की आत गेलेला भाग सुटून पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, गळती थांबते आणि इंजिनही थांबतं.

पुढच्या क्रँक पुलीचं सील बदलताना पुलीच्या दांड्यावर बोट फिरवा. जुन्या सीलने तिथे खाच पाडली असेल तर नवं सील काही उपयोगाचं नाही, स्टीलची पातळ रिपेअर स्लीव्ह येते ती ठोकून बसवा, ते काम कायमचं होतं.

एवढं करूनही मागूनच येत असेल तर मग मागचं सील. तिथेही फ्लायव्हील उतरवल्यावर आधी कॅमशाफ्टच्या मागचा वेल्श प्लग (भोक बंद करणारी पत्र्याची चकती) आणि ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचे) प्लग तपासा, ते गळले तरी खालून अगदी सील गेल्यासारखंच दिसतं, आणि गॅलरीत तर दाबाचं ऑइल असतं त्यामुळे धार लागते. बऱ्याच जुन्या इंजिनांना रबरी सील नसतंच, ग्राफाइट लावलेली दोरी असते. नवी दोरी इंजिन ऑइलमध्ये भिजवून घ्या, खोबणीत गोल गुळगुळीत दांडा फिरवत दाबून बसवा, टोकं धारदार ब्लेडने सपाट कापा, एकही धागा जोडात यायला नको. काही इंजिनांसाठी दोन तुकड्यांचं रबरी सील मिळतं, मिळालं तर तेच टाका: ओठ ऑइलच्या बाजूला, दोन तुकड्यांचे जोड बेअरिंग कॅपच्या जोडापासून साधारण १० मिलिमीटर सरकवून, आणि जोडावर सीलंटचा ठिपका. मेन बेअरिंग ढिलं असेल तर क्रँक थरथरतो आणि कुठलंही सील त्या थरथरीला पुरं पडत नाही, म्हणून चेंबर उघडलंच आहे तर बेअरिंगचा क्लिअरन्स (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) मोजून घ्या.

गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये ओतून बघायचंय? कडक झालेलं रबर त्याने जरा मऊ पडतं, फुगतं, थोडे दिवस निभतं. पण कॉर्क आणि दोरीवर त्याचा काही परिणाम नाही, आणि जुन्या ट्रकात असतंच काय, कॉर्क आणि दोरी.

दोरीचं सील असलेलं इंजिन पूर्ण कोरडं राहील ही अपेक्षा मात्र ठेवू नका, ते थोडं पाझरणारच. खाली पुठ्ठा टाका, डिपस्टिक दर आठवड्याला बघा, पातळी जागेवर राहत असेल आणि ऑइल क्लच प्लेटवर किंवा एक्झॉस्टवर पडत नसेल तर सोडून द्या, गिअरबॉक्स उतरवू नका. एक्झॉस्टवर पडत असेल तर मात्र आजच बघा, आग लागते. आणि नवं कॉर्क टाकलं असेल तर इंजिन दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर सगळे बोल्ट थंड इंजिनवर त्याच टॉर्कला परत एकदा तपासा, कॉर्क दबून बसतं, बोल्ट आपोआप सैल होतात.