शाकुहाचीच्या उन्हाळी शाळेला जाण्याआधी

शाकुहाची, म्हणजे बांबूची उभी जपानी बासरी, हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक प्रश्न पडतो: उन्हाळी शाळेला जाण्याइतकी माझी तयारी झाली आहे का? मला हे इतक्या जणांनी विचारलं आहे की उत्तर एकदाच नीट लिहून काढावं असं वाटलं. सगळी भोकं बंद करून वाजणारा खालचा स्वर, म्हणजे ‘रो’, तुमच्याकडून बऱ्यापैकी भरवशाने निघतो का? निघत असेल तर खुशाल जा. निघत नसेल आणि शाळेत अगदी नवख्यांचा गट असेल, तरी जा. किती रचना येतात, नोटेशन वाचता येतं का, जपानी कळतं का, यातलं काहीच आड येत नाही. ‘अजून एक वर्ष रियाज करून मग जाऊ’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत. त्या वर्षात चुकीचा फुंकर घट्ट मुरतो आणि मग तो सोडवायला जास्त कष्ट पडतात.

मी पुण्यात बासरी शिकले, नोकरीसाठी जर्मनीत आले आणि इथे शाकुहाचीच्या नादी लागले. त्यामुळे हे लिखाण मुख्यतः बासरीकडून या वाद्याकडे येणाऱ्यांसाठी आहे.

आधी वाद्याचं बघू. शिकण्यासाठीची प्रमाण लांबी जपानी मापात एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर. सगळी भोकं बंद केली की पाश्चात्त्य ‘डी’ वाजतो. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. गटात सगळे एकत्र वाजवतात, म्हणून पहिल्या शाळेला हीच लांबी न्या. खोल आवाजाच्या लांब बासऱ्या मोह पाडतात, पण बोटांमधलं अंतर वाढतं आणि वर्गाशी सूरही जुळत नाही. मादाके बांबूच्या मुळाकडच्या भागापासून बनवलेली चांगली शाकुहाची महाग असते. पहिल्या शाळेला प्लास्टिकची किंवा पीव्हीसी पाइपची चालते, त्यासाठी कुणी नाक मुरडत नाही. बांबूची विकत घ्यायची असेल तर शाळेपर्यंत थांबा, हा माझा आग्रहाचा सल्ला. तिथे बरेचदा वाद्य बनवणारे कारागीर आलेले असतात. निरनिराळी वाद्यं फुंकून बघता येतात, आणि तुमचं होऊ पाहणारं वाद्य शिक्षकांनी एकदा वाजवून दिलं की दोष कुठला वाद्याचा आणि कुठला आपल्या ओठांचा ते लगेच कळतं.

जायचं कुठे? युरोपियन शाकुहाची सोसायटीची उन्हाळी शाळा दरवेळी वेगळ्या शहरात भरते. प्रागला आंतरराष्ट्रीय शाकुहाची महोत्सव होतो आणि त्याला जोडून वर्ग असतात. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात शिबिर भरतं. जागतिक शाकुहाची महोत्सव काही वर्षांच्या अंतराने होतो. पहिला १९९४ मध्ये जपानमधल्या बिसेई गावी झाला, २००८ चा सिडनीत आणि २०१८ चा लंडनमध्ये. जागतिक महोत्सव भव्य असतो, पण नवख्या माणसाची तिथे दमछाक होते. पहिल्यांदा लहान शाळा निवडा, जिथे शिक्षकांना दुसऱ्या दिवशी तुमचं नाव आठवेल.

आता बासरीवाल्यांसाठी महत्त्वाचं. शाकुहाचीचे पाच मूळ स्वर, बोटं सरळ उचलत गेलं की, डी, एफ, जी, ए आणि सी असे येतात. डी ला षड्ज धरा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे तर धानी रागाचे स्वर! आपल्या कानाला ते पहिल्या तासातच घरचे वाटतात. पण जुन्या रचना या स्वरांवर थांबत नाहीत. हनुवटी खाली घेऊन स्वर उतरवायचा, याला ‘मेरी’ म्हणतात; वर उचलून चढवायचा, ती ‘कारी’. मेरीने एफ उतरून कोमल ऋषभाच्या जागी येतो, सी उतरून कोमल धैवताच्या जागी. म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध. गुणकली रागाची सगळी सामग्री समोर येते.

आणि इथेच बासरीवाला अडतो. कोमल स्वर म्हणजे भोक अर्धं उघडायचं, ही आपल्या बोटांची सवय. शाकुहाचीतही बोट किंचित उचललं जातं, पण खरं काम मानेचं आणि ओठांचं असतं. शिवाय मेरीचा स्वर मुद्दाम मंद, सावळा ठेवायचा असतो. आपण आयुष्यभर सगळे स्वर सारख्या तेजाचे यावेत म्हणून झटलेलो असतो, म्हणून तो दबका स्वर आपल्याला कच्चा वाटतो आणि आपण तो फुंकरीने उजळवायला जातो. शिक्षक तिथेच थांबवतात. मंद मेरीनंतर मोकळी कारी आली की जी उघडीप जाणवते, तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो. हे मला ध्वनिमुद्रणं ऐकून कधीच कळलं नव्हतं. ऑनलाइन शिकवणीत तर मायक्रोफोन सगळे आवाज एका पातळीवर आणतो आणि नेमका हाच फरक पुसून टाकतो. एका खोलीत, समोर बसून ऐकल्यावर तो कळतो. प्रवासाचा खर्च करून शाळेला जाण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण.

कंपनही वेगळं. इथे ‘युरी’ मानेच्या हालचालीने करतात. जपानीत एक म्हण आहे की नुसती मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. ते ऐकून घाबरू नका, पण एका आठवड्यात युरी जमेल अशी आशाही धरू नका. एकाच स्वराची पुनरावृत्ती करायची असेल तर जीभ न मारता भोकावर बोटाचा टिचका मारायचा असतो. बासरीच्या गायकी अंगात जिभेचा वापर आधीच कमी असल्याने आपल्याला हे पटकन जमतं.

शाळेतला दिवस बहुतेक ठिकाणी ‘रोबुकी’ने सुरू होतो. सगळ्यांनी मिळून एकच ‘रो’ लांब श्वासात फुंकत राहायचं. आपल्याकडे पहाटे खर्जाचा रियाज करतात, त्याच जातीची ही साधना. पहिल्या दिवशी चक्कर येऊ शकते, कारण नवख्याचा निम्मा श्वास वाऱ्यावर जातो. बसून घ्या, पाणी प्या, पुन्हा सुरू करा. त्यानंतर पातळीनुसार गट पडतात. बहुतेक वेळा एक गट एकच रचना घेतो आणि ती दिवसेंदिवस पुढे नेतो. दुपारी कुठे इतिहासावर व्याख्यान, कुठे कोतो आणि शामिसेन या जपानी तंतुवाद्यांबरोबरच्या सांक्योकु प्रकाराचा वर्ग. संध्याकाळी शिक्षकांचे कार्यक्रम असतात. ते चुकवू नका, कितीही थकला असाल तरी.

शिकवण्याच्या पारंपरिक पद्धतीत शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात, मध्ये नोटेशन असतं आणि दोघं एकत्र वाजवतात. स्पष्टीकरण थोडं. जपानी शिक्षक असतील तर हे प्रकर्षाने जाणवतं. सुरुवातीला ‘ओनेगाइशिमासु’ (शिकवावं ही विनंती), शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’ (धन्यवाद) म्हणून वाकून नमस्कार करायचा. गुरूसमोर बसून शिकलेल्याला यात काहीच परकं वाटत नाही. युरोपियन शिक्षक अधिक बोलतात, प्रश्नांना वेळ देतात. दोन्ही प्रकारचे वर्ग घ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, कुणी नाही म्हणत नाही.

नोटेशन काताकाना लिपीत, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेलं असतं. पूर्ण लिपी शिकायची गरज नाही. रो, त्सु, रे, ची, री ही पाच मूळ स्वरांची अक्षरं आणि थोड्या खुणा घरी गिरवून गेलात तर पहिला दिवस वाया जात नाही. मात्र तुमचे शिक्षक कोणत्या परंपरेचे ते आधी विचारा. किंको परंपरेत ज्या स्वराला ‘री’ म्हणतात, त्यालाच तोझान परंपरेत ‘हा’ म्हणतात. किंको परंपरा अठराव्या शतकातल्या किंको कुरोसावांची. त्यांनी कोमुसो भिक्षूंच्या मठांतल्या रचना गोळा केल्या. तोझान परंपरा तोझान नाकाओंनी १८९६ मध्ये सुरू केली. शिवाय वाताझुमी दोसो आणि त्यांचे शिष्य कात्सुया योकोयामा यांच्याकडून आलेला प्रवाह आहे, युरोपात त्याचे शिक्षक पुष्कळ भेटतात. टोपलीसारखी टोपी घालून शाकुहाची वाजवत भिक्षा मागणारे कोमुसो फुके पंथाचे. जपानच्या मेइजी सरकारने १८७१ मध्ये तो पंथच बंद केला. तरी त्यांच्या ‘होन्क्योकु’ रचना टिकल्या, आणि वेगवेगळ्या हातांत पडून वेगवेगळ्या झाल्या. त्यामुळे ‘तामुके’सारखी एकच रचना दोन शिक्षकांकडून दोन तऱ्हांनी ऐकायला मिळेल. कोणती बरोबर, या वादात पडू नका. घराण्यांच्या देशातून आलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. पहिल्या वर्षी एकाच परंपरेला धरून राहा, कान मात्र सगळीकडे उघडे ठेवा.

होन्क्योकुत ताल नसतो. एका श्वासात मावेल तेवढं एक वाक्य, मग शांतता, मग पुढचा श्वास. आलापीची सवय असलेल्यांना हे सुखावतं. फक्त आपल्याकडचा तानपुरा इथे नसतो, आणि मधली शांतता भरून काढायचा मोह आवरावा लागतो. स्वरांत मिंड, मुरकी, आपल्या जागा घालू नका. ‘गुणकली’ डोक्यात वाजू लागली की बोटं आपोआप तिच्या चलनाने जातात. रचना जशी दिली आहे तशी घ्या.

बहुतेक शाळांत शेवटी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो. नाव द्या. सोपी, छोटी रचना निवडा. ‘होन्ते चोशी’ नवख्यांना शिकवतात ती उगाच नाही. तिच्यात लपायला जागा नसते आणि वाजवणाऱ्याला घाईही करता येत नाही.

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाची तयारी लवकर करावी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यात मुलाखतीची वेळ मिळणंच अवघड होतं. शुल्क भरल्याबरोबर आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागून घ्या. बहुतेक बांबूच्या शाकुहाची मधोमध दोन तुकड्यांत निघतात, त्यामुळे हातातल्या बॅगेत मावतात. सामानात टाकू नका. विमानातली कोरडी हवा बांबूला तडा देऊ शकते. वाद्य कापडात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. वाजवून झालं की आतून कापड ओढून ओल पुसायची, मगच पिशवीत ठेवायचं. उन्हात उभ्या गाडीत कधीही विसरू नका. बरोबर घडीचा स्टँड, पेन्सिल आणि ध्वनिमुद्रणासाठी फोन असावा. मुद्रण करण्याआधी प्रत्येक शिक्षकाची परवानगी घ्या. काहींना ते आवडत नाही.

घरी आल्यावर मुद्रणांचा ढीग आणि नोटेशनची चळत समोर असते. त्यातली एकच रचना निवडा, तीही सगळी नको, पहिली दोन-तीन वाक्यं. शिक्षकाच्या मुद्रणाबरोबर रोज वाजवा, आणि तेच शिक्षक ऑनलाइन शिकवत असतील तर महिन्याभरात पहिली शिकवणी ठरवून टाका. खोलीत एकदा ऐकलेला त्यांचा आवाज कानात ताजा असेपर्यंत स्क्रीनवरून येणारा आवाज तुम्ही मनातल्या मनात दुरुस्त करून घेऊ शकता. पुढे ढकललं तर ते अवघड होत जातं.