गाडीचं ॲव्हरेज अचानक पडलं? या चुका टाळा

लिटरला १८ देणारी पेट्रोल कार एकदम १२ वर आली की बरेच जण थेट गॅरेज गाठतात आणि प्लग बदलून, इंजेक्टर साफ करून घेतात. बिल होतं, ॲव्हरेज मात्र तिथंच राहतं.

आधी मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजे असतो आणि ‘हजाराचं टाकलं, लगेच संपलं’ हा हिशोबच नव्हे. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी अर्ध्याखाली गेली की त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करा. चाललेल्या किलोमीटरला या दुसऱ्या खेपेच्या लिटरने भागा.

हल्ली सगळं खापर ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे या मिश्रणाने साध्या पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फरक पडू शकतो. म्हणजे १८ चे १७ होतील, १२ नाही. ई२० ला नावं ठेवत बसलात तर खरा बिघाड तसाच राहील.

तो बिघाड पुष्कळदा चाकात असतो, आणि तिथं कुणी बघतच नाही. पावसाळ्यात किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून ब्रेक धरून राहतो. थोडं अंतर चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता, सपाट जागी थांबा आणि हात चारही रिमजवळ नेऊन पाहा, पण रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर चोर सापडला. दुचाकी असेल तर मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा; जड फिरलं तर तिथंही ब्रेक धरत असल्याचा संशय घ्या.

टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा. घाटात ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. बराच वेळ चालवूनही तापमानाचा काटा खालीच असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकल्याचा संशय घ्या; इंजिन थंड समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

चेक इंजिनचा दिवा लागलाय म्हणून बॅटरीची वायर काढून तो घालवू नका. त्याने कॉम्प्युटरमध्ये साठलेला बिघाडाचा कोडही पुसला जाऊ शकतो. आधी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा आणि ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड आला तरी लगेच सेन्सर बदलू देऊ नका. वायरिंग तुटलंय का, सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलाय का, हे आधी बघायला लावा.