कागदाचा कोपरा उचलताना

फोटोशॉप हाताळायला लागून सहा महिने झाले होते, तेव्हा एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. जुने कृष्णधवल फोटो, दोन पोस्टकार्डं आणि एक प्रगतिपुस्तक लाकडी टेबलावर पसरून ठेवल्यासारखं दिसायला हवं होतं. सगळं ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलं, टेबलाच्या फोटोवर मांडलं आणि प्रत्येक लेयरला (चित्राच्या थराला) ड्रॉप शॅडो, म्हणजे फोटोशॉपची तयार सावली, दिली. तरी कागद टेबलावर ठेवलेत असं काही केल्या वाटेना.

प्रेसमधल्या काकांनी स्क्रीनकडे पाहून एवढंच विचारलं, "उजेड कुठून येतोय रे?"

टेबलाच्या फोटोत खिडकी उजवीकडे होती. माझी शॅडो १२० अंशांवर, म्हणजे उजेड वरून, डाव्या अंगाने. एका टेबलावर दोन सूर्य! मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायाप्रकाशावरचे प्रयोग मांडले होते, ते मी पुढे वाचले. उजेड वरून येतो आणि तो एकाच ठिकाणाहून येतो, असं आपला मेंदू धरूनच चालतो. म्हणून तर चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरला की खड्ड्याचा उंचवटा दिसतो. नवीन शिकणाऱ्यांनी कुठलंही बटण दाबण्याआधी पार्श्वभूमीतला उजेड शोधावा, असं मी सांगतो ते यामुळेच.

कोन सुधारला, पण काम झालं नाही. मग काकांनी खरंखुरं पोस्टकार्ड खिडकीशी ठेवायला लावलं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. कार्ड जिथे टेबलाला टेकलं होतं तिथे सावली केसाएवढी बारीक, गडद आणि धारदार होती. कोपरा जरा वळला होता, तिथे तीच सावली रुंद, फिकी आणि मऊ होत गेली होती. आणि ती काळी नव्हतीच, लाकडाचाच गडद तपकिरी रंग होता तो. ड्रॉप शॅडो मात्र कडेच्या सगळ्या लांबीभर एकाच जाडीची, एकाच मऊपणाची सावली टाकते. सगळी गोम तिथे होती.

तेव्हापासून मी सावली हाताने करतो. कागदाच्या लेयरची प्रत काढायची, ती मूळ लेयरच्या खाली सरकवायची, टेबलाच्या सर्वांत गडद भागातून आयड्रॉपर नावाच्या साधनाने रंग उचलून तिच्यात भरायचा आणि लेयर मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारी पद्धत) ठेवायचा. मग गॉशियन ब्लर, म्हणजे कडा धूसर करणारं फिल्टर. अशा दोन सावल्या करा: एक अगदी कमी ब्लरची, कागदाला चिकटलेली, दुसरी जास्त ब्लरची, फिकी. या दुसरीचा एकच कोपरा वार्पने (आकार वाकवायच्या साधनाने) बाहेर ओढा. कागद सरळच राहतो, पण कोपरा उचलल्यासारखा दिसतो. जिंप या फोटोशॉपसारख्याच सॉफ्टवेअरमध्येही हे असंच होतं, आणि ते फुकट आहे. शिकण्यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

कागदाची जाडी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. साधा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये सुमारे १२ पिक्सेल बसतात, म्हणजे कागदाची कड जेमतेम १ पिक्सेलची. उजेडाच्या बाजूला एवढीच फिकट रेघ द्या. बहुतेक जण पाच-सहा पिक्सेल देतात आणि फोटोचा पुठ्ठा करून टाकतात.

कागदाच्या अंगावरही थोडा छायाप्रकाश लागतो. वर ५० टक्के करड्या रंगाचा लेयर ओव्हरलेवर (या पद्धतीत हा करडा रंग स्वतः दिसत नाही) ठेवा आणि मोठ्या मऊ ब्रशने डॉज-बर्न करा, म्हणजे हवं तिथे उजळ, हवं तिथे गडद करा. एक्स्पोजर, म्हणजे ब्रशचा जोर, ५ ते १० टक्क्यांच्या पुढे नको. जुन्या फोटोला मधे घडी असेल तर ती पुसू नका. तिच्या एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला गडद हात फिरवला की कागद लगेच उठून दिसतो.

पहिले काही आठवडे एकच कागद घेऊन बसा. तो जमला की दुसरा त्याच्यावर ठेवा. वरच्या कागदाची सावली खालच्या कागदावर पडताना बारीक असते आणि कड ओलांडून टेबलावर उतरली की थोडी रुंदावते. हा बारकावा मला फार उशिरा दिसला.

छपाईत सावल्या गडद होतात, बिनचकाकीच्या कागदावर तर फारच. माझ्या मुखपृष्ठाच्या पहिल्या प्रूफमध्ये (छपाईच्या नमुन्यात) पोस्टकार्डाखाली काळा डाग पडला होता. सावलीची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, ४५ टक्क्यांवरून ३० वर आणली, दुसरं प्रूफ काढलं आणि ते त्याच खिडकीशी नेऊन खऱ्या पोस्टकार्डाशेजारी ठेवून पाहिलं.